शेळी आपलं करडू कसं ओळखते, हे घरच्या गोठ्यात तपासायचं कसं

दोन वर्षांपूर्वी पौषातल्या एका रात्री आमची एक शेळी व्याली आणि उजाडायच्या आत गेली. मागं राहिलं एक करडू. काळं, ओलं, उभं राहायला गेलं की चारही पाय चार दिशांना जाणारं. दावणीला त्याच आठवड्यात व्यालेल्या तीन शेळ्या होत्या, कासा टम्म. म्हटलं, लावू कुणाला तरी. पहिलीनं हुंगलं नि ढुशी दिली. दुसरीनं हुंगलं नि लाथ झाडली. तिसरीनं पाजायला सुरुवात केली, मला हायसं वाटलं, तेवढ्यात तिनं मान वळवून त्याच्या शेपटीखाली नाक नेलं आणि करडू चार हात लांब जाऊन पडलं.

आमच्या शेळ्या उस्मानाबादी. बहुतेक सगळ्या काळ्या कुळकुळीत, आणि एका वेताला दोन करडं ही नेहमीची गोष्ट. आठ-दहा करडं एकत्र सोडली की कोण कुणाचं हे मला सांगता येत नाही, म्हणून गळ्यात रंगीत सुतळ्या बांधते. शेळ्यांना सुतळी लागत नाही.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, “नाकाचं जनावर हाय ते. डोळ्यानं फसंल, नाकानं न्हाई फसायचं.”

लग्नाआधी मी झूलॉजी घेऊन बी.एस्सी. केलेली. बेडकाचं काळीज डोळे मिटून काढता यायचं, पण शेळीच्या नाकाबद्दल आत्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मग वाचायला लागले, आणि वाचलेलं गोठ्यात तपासायला लागले. पाच-सहा व्यालेल्या शेळ्या, एक वही, एक मोबाइल आणि थोडा चिवटपणा असेल तर हे कुणालाही जमतं. शेळ्या नसतील तर पूल चालेल, त्याचं पुढं सांगते.

आधी बघा, गल्लत कुणाला महाग पडते

थेट रेकॉर्डिंगला लागू नका. मी लागले आणि पहिला महिना वाया घालवला. आधी हा प्रश्न विचारा: इथं ओळख चुकली तर नुकसान कुणाचं, किती? नुकसान नसेल तिथं ओळखीची खूण शोधत बसू नका.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण भिंगऱ्यांचं आहे. अमेरिकेत मायकेल बीचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात त्यावर बरंच काम केलं. नदीकाठच्या दरडीत बिळं करून शेकड्यांनी राहणारी एक भिंगरी आहे. तिच्या बिळात दुसऱ्याचं लहान पिल्लू ठेवलं तर ती मुकाट्यानं भरवते. बिळातलं ते आपलं, एवढा हिशोब तिला पुरतो. पण साधारण दोन आठवड्यांनी पिल्लं उडायच्या बेताला येतात, एकमेकांत मिसळायची वेळ येते, आणि नेमकी तेव्हाच प्रत्येक पिल्लाची हाक स्वतःची अशी ठरते आणि आईबाप परक्या पिल्लाला हुसकायला लागतात. तिचीच एक चुलत जात एकटीदुकटी घरटं करते. तिथं मोठं झालेलं परकं पिल्लू ठेवलं तरी आईबापांना पत्ता नसतो. शेजारच नाही, तर गल्लत होणार कुणाशी?

दुसरी जोडीही अशीच. कड्यांवर मातीची घरटी चिकटवून दाटीनं राहणाऱ्या भिंगरीच्या पिल्लांच्या हाका एकमेकींपासून खूप वेगळ्या निघाल्या. सुटी राहणारी जी माळभिंगरी हिवाळ्यात आपल्याकडच्या तारांवर बसलेली दिसते, तिच्या पिल्लांच्या हाकांत तेवढा फरक नाही. या प्रयोगाचा एक भाग मला फार आवडतो. हाका वेगळ्या काढायला दोन्ही जातींच्या मोठ्या पक्ष्यांना शिकवलं, तर दाटीत राहणाऱ्यांच्या पिल्लांच्या हाका दोघांनाही सोप्या गेल्या. म्हणजे सगळी करामत ऐकणाऱ्याच्या कानाची नव्हती. हाकच ओळखायला सोपी झाली होती.

हे गोठ्याला लावून बघा. शेळीचं करडू जन्मल्यावर पहिले काही दिवस आईच्या मागं मागं फिरत नाही, आडोशाला गप पडून राहतं. मेंढीचं कोकरू लगेच कळपाबरोबर चालायला लागतं. शेळीच्या रानटी पूर्वजांतही हेच असणार: आई चरायला लांब, करडू झुडपात. आई परत येऊन हाक मारणार, करडानं तिलाच ओ द्यायची. चुकीच्या हाकेला ओ दिली तर कोल्ह्या-लांडग्याला पत्ता सांगितल्यासारखं. आमच्याकडं झुडपाच्या जागी डालगं आहे. सकाळी शेळ्या चरायला जातात, करडं डालग्याखाली. संध्याकाळी भेट.

ती भेट नीट बघा

पहिले आठ दिवस फक्त बघायचं. दिवेलागणीच्या आधी अर्धा तास वही घेऊन बसा. शेळ्या वेशीपाशी आल्या की ओरडायला लागतात, इकडं डालगी हलायला लागतात. डालगी एकदम उचलायची आणि एकाच शेळीकडं लक्ष ठेवायचं. सगळ्यांकडं ठेवलं तर काहीच दिसत नाही. नोंद एवढीच: आधी कोण ओरडलं, कोण कुणाकडं धावलं, शेळीनं पाजू देण्याआधी कुठं हुंगलं, कुणाला झिडकारलं.

करडू पिताना उलटं उभं राहतं, तोंड कासेकडं आणि शेपूट आईच्या नाकाकडं. शेपूट थरथर हलवत असतं. आई तेवढ्यात तिथं नाक नेते. ही तिची शेवटची तपासणी. दोन-तीन दिवसांत तुम्हाला गोठ्यातला चोरही दिसेल. चोर करडू आईच्या बाजूनं कधी येत नाही, मागच्या दोन पायांमधून येतं, आणि तेही तिचं स्वतःचं करडू पीत असताना. तिच्या नाकाला वास पोचतो तो आपल्याच करडाचा, मागचं फुकट पिऊन जातं. आमच्याकडं एक हिरवी सुतळी यात इतकी तरबेज होती की तीन शेळ्यांचं दूध पिऊन सगळ्यात आधी तीच धष्टपुष्ट झाली.

आठ दिवसांनी वही चाळलीत तर लांबचं काम आवाज करतो आणि जवळचं नाक, हे आपोआप समोर येईल. मला ते वहीच्या आधी एका चुकीनं शिकवलं. एक करडू शेणाच्या खड्ड्यात पडलं. मी बाहेर काढून, गरम पाणी करून, अंगाच्या वासाच्या साबणानं चोळून धुतलं. थंडी होती, लेकरासारखं टॉवेलनं पुसलं. संध्याकाळी ते ओरडलं तशी आई दावं ताणून धावत आली. हुंगलं. आणि ढुशी. ते परत ओरडलं, ती परत आली, परत हुंगलं, परत ढुशी. कान सांगत होता माझंच, नाक सांगत होतं कुणाचं हे. शेवटी तिचंच दूध पिळून त्याच्या पाठीला, शेपटीला चोळलं, दोन दिवस धरून पाजलं, तेव्हा मिटलं. म्हणून नियम: बाळंत शेळीच्या करडाला साबण लावायचा नाही. चाचणी म्हणूनसुद्धा नाही.

ही वासाची ओळख शेळीत फार झटपट बसते. अमेरिकेत पीटर क्लॉप्फर यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की व्याल्याबरोबर पाच मिनिटं जरी करडू आईजवळ राहिलं, तरी पुढं तासाभराच्या ताटातुटीनंतर ती ते घेते. ती पहिली पाच मिनिटं मिळाली नाहीत तर बहुतेकदा नाकारते. आमच्या दावणीच्या त्या तिघींची खिडकी दोन-तीन दिवसांपूर्वीच बंद झालेली होती, मी आपली ठोठावत होते.

आता आवाज: रेकॉर्डिंग

मोबाइल पुरतो. माइक महाग असायची गरज नाही. अंतर सारखं हवं. मी एक हात लांबीची काठी घेते, एका टोकाला मोबाइल बांधते, दुसरं टोक डालग्याला टेकवते. वारा असेल तर त्या दिवशी करू नका, मागून सगळं खरखर येतं. मोटार चालू असेल तर तेच.

एका वेळी एकच करडू, बाकीची लांब. आई दिसेनाशी झाली की पाच मिनिटांत ओरडायला लागतं. प्रत्येकाच्या दहा स्वच्छ हाका हव्यात, पण एकाच बैठकीत दहा घेऊ नका. भुकेला असताना, पोट भरल्यावर, सकाळी, संध्याकाळी अशा तीन-चार दिवसांत मिळून दहा. कारण एका बैठकीतल्या दहा हाका तशाही सारख्याच येतात आणि मग वाटतं, वा, काय ओळखू येतंय. तो त्या दिवसाचा मूड असतो, करडाचं नाव नसतं. पहिल्या महिन्यात मी नेमकी हीच चूक केली.

करडं सगळी एका वयाची घ्या. वय वाढलं की आवाज उतरतो. पंधरा दिवसांच्या आणि दोन महिन्यांच्या करडांत फरक दिसला तर तो वयाचा. आणखी एक गंमत, एकत्र वाढणाऱ्या करडांचे आवाज हळूहळू एकमेकांसारखे होत जातात असं तेव्हा लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात असलेल्या एलोडी ब्रीफर आणि अ‍ॅलन मॅकएलिगॉट यांना आढळलं. एका वाड्यातली पोरं एका सुरात बोलायला लागतात तसं. म्हणून मी पहिल्या तीन आठवड्यांतच रेकॉर्डिंग उरकते.

फाइलचं नाव सुतळीच्या रंगानं ठेवू नका. घरातल्या कुणाला तरी नावं बदलून नुसते आकडे द्यायला सांगा आणि यादी त्यांच्याकडंच राहू द्या. आमची यादी सातवीतल्या पुतणीच्या कंपासपेटीत असते. ही लालची हाक आहे हे आधीच माहीत असलं की कान लालसारखंच ऐकतो.

हाकेचं चित्र आणि एक भागाकार

कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात आवाजाचं चित्र दिसतं: आडवा वेळ, उभी आवाजाची उंची. करडाची हाक एकावर एक चढलेल्या पट्ट्यांसारखी दिसते, आणि बारीक कंप असेल तर त्या पट्ट्या नागमोडी. सुरुवातीला तीनच गोष्टी मोजा: हाक किती लांब, सगळ्यात खालची पट्टी किती उंचीवर, आणि शेवटाला ती वर जाते की खाली येते.

आता समजा, एका करडाच्या दहा हाकांची सरासरी लांबी ०.८ सेकंद निघाली आणि हाका त्या सरासरीच्या आगेमागे साधारण ०.०४ सेकंदानं हलतात. म्हणजे ५ टक्के हलण्याची जागा. सगळ्या करडांचं असं काढून त्याची सरासरी घ्या. समजा तीही ५ टक्केच आली. मग सगळ्या करडांच्या सगळ्या हाका एका ढिगात टाकून हेच काढा. समजा १५ टक्के आले. १५ भागिले ५, उत्तर ३. जेवढा मोठा आकडा, तेवढी त्या गुणाची नाव सांगायची ताकद. उत्तर १ च्या आसपास आलं तर तो गुण नावासाठी बाद: स्वतःच्याच हाकांत जेवढा फरक, तेवढाच एकमेकांत. आगेमागे हलणं काढायला स्प्रेडशीटमध्ये प्रमाण विचलन नावाचं तयार सूत्र आहे, ते वापरा आणि आलेल्या आकड्याला सरासरीनं भागून टक्के काढा.

हा भागाकार म्हणजे सगळ्या विषयाची किल्ली आहे असं माझं मत. ओळखीच्या खुणेला दोन बाजू: स्वतःशी तंतोतंत इमान, आणि इतरांपासून फारकत. दोन्ही एकाच वेळी हव्यात. रोज सही बदलणाऱ्याला बँक ओळखत नाही, आणि सगळ्या खातेदारांची सही सारखी असेल तरी नाही.

एवढा वेगळेपणा येतो कुठून

इथं मी जरा रेंगाळणार आहे.

निसर्गात बहुतेक वेळा चांगला गुण सगळ्यांकडं पसरतो आणि सगळे सारखे होतात. ओळखीच्या खुणेत उलटं घडतं. तिथं विरळ असण्यातच फायदा. माझी हाक चारचौघांसारखी असेल तर माझी आई चुकेल आणि मी उपाशी राहीन. जगावेगळी असेल तर पोट भरेल. ती जगावेगळी हाक पुढच्या पिढ्यांत पसरून नेहमीची झाली की फायदा संपला, मग दुसरी कुठली तरी विरळ हाक पुढं येते. त्यामुळं कळपात कायम नाना तऱ्हा टिकून राहतात.

झांबियातल्या वटवट्याचं उदाहरण घ्या. आपल्या ज्वारीच्या फडात शेपूट उडवत फिरणाऱ्या वटवट्याचा हा आफ्रिकी भाऊबंद. त्याच्या घरट्यात एक परका पक्षी कोकिळेसारखं अंडं घालून जातो. क्लेअर स्पॉटिसवुड आणि मार्टिन स्टीव्हन्स यांनी २०१० मध्ये दाखवलं की वटवट्याची प्रत्येक मादी आपल्या ठराविक ढंगाची अंडी घालते. कुणाची लालसर, कुणाची निळी, कुणाची पांढरी, कुणाची शेवाळी; कुणावर ठिपके, कुणावर गिचमीड. मादीची स्वतःची सगळी अंडी मात्र एकसारखी. वेगळं दिसलं की ती उचलून फेकते. तोच भागाकार, फक्त आवाजाऐवजी टरफलावर.

पुढं २०१५ मध्ये एलेनॉर केव्ह्ज आणि मंडळींनी एक बारकी गोष्ट दाखवली: ज्या जातींवर हा ताण आहे त्यांच्या अंड्यांचा रंग आणि नक्षी एकमेकांना बांधलेली नसतात. याचं महत्त्व असं समजून घ्या. तीन गुण, प्रत्येकाचे चार प्रकार. गुण सुटे असतील तर ४ गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे ६४ वेगळी नावं. पण लांब हाक नेहमी खालच्या सुरातच आणि खालचा सूर नेहमी कंप घेऊनच येत असेल, तर नावं चारच. तुमच्या तीन मोजमापांचं हेही तपासा. दोन रकाने एकदम वर-खाली होत असतील तर ते दोन नाहीत, एकच आहे.

माणसाचा चेहराही याच सूत्रानं घडलाय असं मायकेल शीहान आणि मायकेल नॅकमन यांनी २०१४ मध्ये मांडलं. हाताचा पंजा लांब असेल तर बहुधा रुंदही असतो. नाकाचं तसं नाही, लांब नाक रुंद असेलच असं नाही. म्हणून तर लग्नाच्या मांडवात पाचशे माणसांत आपल्या भावकीतलं नाक लांबून सापडतं, पंजे बघून कुणी सापडत नाही.

आणि गरज संपली की? सुगरणीचा एक आफ्रिकी नातलग माणसानं दूर बेटांवर नेऊन सोडला. हिस्पॅनिओलात दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी, मॉरिशसमध्ये शंभराहून अधिक. आफ्रिकेत त्याच्या घरट्यात अंडी घालणारा कोकीळ तिथं नाही. डेव्हिड लाहती यांनी २००५ मध्ये दाखवलं की बेटांवर एकाच मादीच्या अंड्यांत आपापसांत फरक वाढला आणि माद्या-माद्यांमधला फरक कमी झाला. भागाकार १ कडं घसरत निघालाय. वापरात नसलेली सही पुसट होते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा अंड्यावर बघायला मिळणं मला विलक्षण वाटतं.

सगळ्यांना स्वतःचं नाव लागतंच असंही नाही. आमच्या ओसरीच्या तुळईला गांधीलमाश्यांचं पोळं लागतं. बंगळुरूला राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या अशा एका जातीवर आयुष्यभर काम केलंय. तिथं पोळ्यातून घेतलेल्या वासावर घरची की परकी एवढं ठरतं. अमेरिकेतल्या एका जातीत मात्र माश्या एकमेकींचे चेहरे ओळखतात. एलिझाबेथ टिबेट्स यांनी २००२ मध्ये त्यांतल्या काहींच्या तोंडावर रंगाचा ठिपका दिला, तर घरच्याच माश्या त्यांच्याशी भांडायला लागल्या. हा प्रयोग तुम्ही करू नका, दवाखान्यात जाल.

शेळीला विचारा

चित्रात फरक दिसला म्हणजे तो शेळीला कळतो असं नाही. ते तिलाच विचारावं लागतं. ब्लूटूथ स्पीकर घ्या. आमचा पुतण्याच्या हळदीतला आहे, आवाज अगदी खाली ठेवावा लागतो. तो पोत्यामागं लपवा, शेळीपासून दहा-बारा पावलांवर. तिची करडं तेव्हा नजरेआड आणि हाकेच्या टप्प्याबाहेर हवीत, नाहीतर ती खरंच ओ देतात आणि सगळा घोळ होतो.

तीन हाका वाजवायच्या, मग एक मिनिट थांबून मोजायचं: कान वळले का, मान वळली का, किती वेळात, किती वेळा ओरडली, जागेवरून निघाली का. तासाभरानं दुसऱ्या, त्याच वयाच्या करडाच्या तीन हाका. कधी तिचं आधी, कधी परकं आधी; छापा-काटा करून ठरवा. दिवसाला यापेक्षा जास्त नको. लांडगा आला रे आला शेळीच्या बाबतीतही खरं आहे, चौथ्या-पाचव्या वेळी ती मान वळवायचंच सोडते, आणि विनाकारण पान्हा फोडून तिला तिष्ठत ठेवणं बरं नव्हे.

मोजणाऱ्याला कुठली हाक वाजतेय हे माहीत नसेल तर उत्तम. मी कानात कापूस घालते आणि पुतणी वाजवते.

आमच्या सहा शेळ्यांपैकी चौघींनी आपल्या करडाला स्पष्ट ओ दिली आणि परक्याला नाही. एकीनं दोघांनाही दिली. ती पहिलटकरीण होती. एकीनं कुणालाच नाही, तिच्या पुढ्यात शेवरीचा पाला होता. सहा शेळ्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण ब्रीफर यांच्या गटानं हेच शिस्तीत केलंय, आणि २०१२ मध्ये त्यांनी दाखवलं की करडं तोडून कित्येक महिने लोटल्यावरही आयांना त्या जुन्या, बाळपणीच्या हाका ओळखू येत होत्या.

शेळ्या नसतील तर पूल

आपल्याकडच्या नदीवरच्या पुलांखाली मातीच्या सुरयांसारखी एकाला एक चिकटलेली घरटी दिसतात. कंठावर रेघा असलेल्या भिंगरीची ती वस्ती. वर सांगितलेल्या कड्यावरच्या भिंगरीची ही सख्खी नातलग. आणि बऱ्याचदा त्याच पुलाच्या किंवा जवळच्या मोरीच्या एखाद्या कोपऱ्यात, शेपटीला तारेसारखी दोन लांब पिसं असलेल्या भिंगरीची एकटी जोडी घरटं करते. एक दाटीतली, एक सुटी, आणि पाणी तेच. यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही. पिल्लं उडायच्या बेताची असताना खाली उभं राहून रेकॉर्ड करा, घरट्याला हात लावू नका, शिडी लावू नका, तिथं स्पीकर तर अजिबात वाजवू नका. मग तोच भागाकार. दाटीतलीचा आकडा मोठा यायला हवा. तपासून बघा.

पोरकं करडू लावायचं असेल तर

सगळ्यात आधी चीक. पहिल्या काही तासांत कुठल्याही ताज्या व्यालेल्या शेळीचा चीक पिळून बाटलीनं पाजा, ओळखपाळख नंतर.

मग व्यायला झालेली शेळी हेरा, शक्यतो एकच करडू देणारी. ती व्याताना पाणमोट फुटली की ते पाणी स्वच्छ घमेल्यात धरा. पोरक्या करडाला कोमट पाण्यानं नुसतं पुसा आणि ते पाणी त्याच्या डोक्याला, पाठीला, विशेषतः शेपटीखाली चांगलं चोळा. थोडं तिच्या करडाच्या अंगाला रगडा. मग दोन्ही तिच्यापुढं ठेवा, पोरकं आधी. चाटायला लागली की तुम्ही मागं सरा. पहिल्या तासा-दोन तासांत हे झालं पाहिजे. म्हशीपुढं मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ठेवतात आणि ती पान्हा सोडते, त्यातलीच ही तऱ्हा.

उशीर झाला असेल तर शेळीला आखूड बांधून, दिवसातून चार-पाच वेळा धरून पाजावं लागतं. तिचं दूध त्याच्या पोटातून जाऊन शेपटीखाली तिचाच वास यायला लागेपर्यंत. ढुश्या जोरात बसत असतील तर हट्ट सोडा, बाटली धरा.

आमच्या करडाला तिसऱ्या दिवशी नशिबानं चौथी शेळी व्याली, एकच करडू. मी घमेलं घेऊन रात्रभर बसले. सकाळी ती दोघांना चाटत होती. करडाचं नाव पौषी.

पौषी महिन्याची झाल्यावर मी स्पीकर काढला. आधी त्या शेळीच्या पोटच्या करडाची हाक वाजवली. मान वळली, ओ दिली. तासाभरानं हिरव्या सुतळीच्या चोराची. रवंथ चालूच. दुसऱ्या दिवशी पौषीची. ती उठली, ओ दिली आणि पोत्याकडं चालायला लागली.

आत्या ओट्यावरून बघत होत्या. “मंग? कानानं फसली की.”

शेळी पोत्यामागं गेली, स्पीकर वरून खालून हुंगला, आणि पोतं खायला लागली.